पुम्परनिकेलची पाटी

शुक्रवारी सकाळी अकराच्या टपालानं आलेलं पत्र वाचता वाचता क्लेमेन्स लुटकेहाउस पिठाच्या पोत्यावर जो बसला, तो पाच मिनिटं उठलाच नाही. पत्र विद्यापीठातल्या भाषेच्या प्राध्यापकांचं होतं, आणि ते त्यानं स्वतःच चार पानी विनंती लिहून मागवलं होतं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

जर्मनीच्या व्हेस्टफालिया प्रांतातल्या होल्टेनबेक गावात लुटकेहाउसांची बेकरी सहा पिढ्यांची. तिथे केक, बिस्किटं, दालचिनीचे गोळे असं पुष्कळ काही मिळे, पण ते गिऱ्हाइकाला परत पाठवायला नको म्हणून. घराण्याची खरी वस्तू एकच, पुम्परनिकेल. राय नावाचं धान्य जाडंभरडं भरडायचं, गरम पाण्यात भिजवायचं, झाकणाच्या डब्यांत दाबून भरायचं आणि मंद आचेवर, कोंडलेल्या वाफेत, चोवीस तास ठेवून द्यायचं. त्यात साखर नाही, रंग नाही. धान्य आपलं आपणच गोड होतं आणि आपणच काळंकुट्ट होतं. घाई करणाऱ्याला हा पाव जमत नाही, आणि व्हेस्टफालियातल्या माणसाला घाई जमत नाही, त्यामुळे दोघांचं पहिल्यापासून चांगलं जुळलेलं.

पावाचं नाव कसं पडलं हे गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. फ्रेंच बादशहा नेपोलियन फौजफाटा घेऊन चालला असता लुटकेहाउसांच्या दारात थांबला. क्लेमेन्सच्या खापरपणजोबांनी त्याला पाव दिला. बादशहानं एक घास खाल्ला, थुंकून टाकला आणि उरलेला तुकडा घोड्यापुढे धरून म्हणाला, "बों पूर निकेल." म्हणजे, निकेलला ठीक आहे. निकेल हे घोड्याचं नाव. झालं, त्या दिवसापासून पावाचं नाव पुम्परनिकेल. बेकरीच्या कागदी पिशवीवर आजही तो घोडा ऐटीत उभा होता.

अडचण एवढीच, की नऊ किलोमीटरवरच्या एव्हरलो गावातही एक बेकरी होती आणि तिचा मालक थेओडोर ग्रोटह्यूस छातीठोकपणे सांगे, की घोडा थांबला तो त्याच्या दारात. या घोड्यापायी दोन गावं एकमेकांच्या जत्रेला जात नव्हती. क्लेमेन्सची बायको मेख्टिल्ड मूळची एव्हरलोची. लग्नानंतर वर्षभर सासरी तिच्यासमोर पिशवी उलटी करून ठेवत. ती मात्र पहिल्या दिवसापासून एकच म्हणत आली होती, "परक्या माणसानं तुमचा पाव तोंडातून थुंकला आणि जनावराला घातला. त्यावरून दोन गावं भांडताय! लपवायची गोष्ट ती मिरवताय!"

पण मिरवायची वेळ आता अगदी दारात आली होती. होल्टेनबेकला यंदा सातशे वर्षं पूर्ण होत होती. गावच्या वारसा मंडळानं रीतसर ठराव केला, हात वर करून मतं घेतली, आणि बेकरीच्या भिंतीवर पितळी पाटी लावायचं ठरवलं: 'पुम्परनिकेल हा शब्द याच दारात जन्मला.' रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की जिल्हाप्रमुख हुल्समानबाई पाटीवरचं फडकं ओढणार, समारंभाचा पाव कापणार, बँड वाजणार. मंडळाचे अध्यक्ष रेटमायर हे औषधांचे दुकानदार. गोळ्या मोजून देणारा माणूस, सगळं पक्कं असावं हा त्यांचा आग्रह. तेच क्लेमेन्सला म्हणाले होते, "मास्तर, एव्हरलोवाले गप्प बसायचे नाहीत. विद्यापीठाचा दोन ओळींचा दाखला मागवा. कागद दाखवला की तोंडं बंद."

तो कागद आता क्लेमेन्सच्या हातात होता. प्राध्यापकांनी फार अदबीनं लिहिलं होतं. आपली घोड्याची कथा मनोरंजक आहे, परंतु हा शब्द त्या बादशहाच्या जन्माआधी शंभरेक वर्षं छापील पुस्तकांत आढळतो. जुन्या बोलीत 'पुम्पर्न' म्हणजे पादणे. 'निकेल' हे निकोलाउस या नावाचं घरगुती रूप. सबब पुम्परनिकेल म्हणजे पादरा निकोलाउस. मुळात ही शिवी असून ती गावंढळ, अडदांड माणसाला देत. पुढे बाहेरगावच्या वाटसरूंनी आपल्याकडच्या काळ्या पावाला, त्याचा पोटावर होणारा परिणाम पाहून, हेच नाव चिकटवलं. आपल्या समारंभास हार्दिक शुभेच्छा.

क्लेमेन्सला शिवीचं एवढं काही वाटलं नसतं. त्याला धास्ती होती ती बाबांची. आलोइस लुटकेहाउस एक्याऐंशी वर्षांचे. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे कुरकुरणारे, पण अजूनही दर शुक्रवारी भट्टीघरात येऊन डबे स्वतःच्या हातानं भरणारे. पाटी यायची ठरल्यापासून त्यांनी लग्नातला काळा कोट तीनदा घासून दोरीवर वाळत घातला होता. सारखे म्हणत, "एवढं डोळ्यांनी बघितलं की झालं." आता या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं, की पाटी घोड्याची नाही, वाऱ्याची आहे?

तेवढ्यात दुकानाची घंटा किणकिणली आणि रेटमायरांचा आवाज आला. "मास्तर! पोस्टमन म्हणाला, विद्यापीठाचा लिफाफा आलाय!"

क्लेमेन्सनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेजारी रिकाम्या डब्यांची चळत होती. वरच्याच डब्यात त्यानं पत्र टाकलं, हात झटकले आणि तो दुकानात गेला.

"लिफाफा? छे. गिरणीची जाहिरात ती."

"गिरणीवाले विद्यापीठाच्या लिफाफ्यात जाहिरात पाठवतात?"

"हल्ली काही सांगता येत नाही," क्लेमेन्स म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्याचे कान लाल झाले.

रेटमायरांनी त्या कानांकडे पाहिलं आणि भट्टीच्या उष्णतेचा विषय काढून पाऊण तास काढला. ते गेले, मागोमाग शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, मग गावच्या नेमबाज मंडळाचे चौघं रविवारची मागणी पक्की करायला आले. क्लेमेन्स भट्टीघरात परतला तेव्हा दीड वाजला होता. डब्यांची चळत गायब होती. भट्टीचं लोखंडी दार बंद होतं आणि बाबा हात धूत होते.

"बाबा, इथला वरचा डबा..."

"भरला."

"त्यात काही होतं का?"

"तळाला कागद होता. मला वाटलं तू घातलास, चिकटू नये म्हणून. त्याला तेल लावून घेतलं." आलोइसनी हात पुसले. "चौसष्ट डबे. एकसुद्धा कमी नाही."

क्लेमेन्सचा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला.

"क्लेमेन्स," बाबा हळूच म्हणाले.

त्यानं हात मागे घेतला. लुटकेहाउसांच्या भट्टीचं दार मधेच उघडत नाहीत. दार उघडलं की वाफ गेली, वाफ गेली की चौसष्ट पाव गेले, आणि परवा सगळ्या गावाला खायला घालायचं होतं. एकदा भट्टीच्या मागच्या भिंतीला आग लागली होती, तेव्हाही आलोइसनी बंबवाल्यांना बजावलं होतं, "भिंत विझवा. दाराला हात लावू नका."

तेव्हा पत्र आत शिजत राहिलं आणि क्लेमेन्स बाहेर.

शनिवारी दुपारी दार उघडलं. वाफेचा लोट आला, गोडसर करपट वास गल्लीभर पसरला आणि चौसष्ट काळे पाव फळीवर ओळीनं उभे राहिले. त्यांत डावंउजवं करायला काही जागाच नव्हती. बाबा वामकुक्षीला गेल्याबरोबर क्लेमेन्सनं मेख्टिल्डला भट्टीघरात ओढलं आणि सगळं सांगून टाकलं.

मेख्टिल्डनं ऐकून घेतलं. पादऱ्या निकोलाउसापाशी गोष्ट आली आणि तिला फळीचा आधार घ्यावा लागला.

"हसतेस काय?"

"मग काय करू? चाळीस वर्षं घोडा घोडा करून एकमेकांचे गळे धरलेत, आणि निघालं काय तर..."

"बाबांना कळलं तर?"

यावर मात्र ती हसायची थांबली. "सांगून टाक त्यांना. आजच."

"पाटी लागल्यावर सांगतो. सावकाश. आधी तो कागद शोधू."

"कापून बघ की."

"चौसष्ट पाव कापू? एक दिवस मुरायला नको? उद्या लोकांना काय भुगा वाढू?"

शेवटी तिनं स्वतःची विणकामाची सुई आणून दिली. क्लेमेन्स एकेक पाव उलटा करून बुडाशी सुई खुपसू लागला. कागद लागला तर हाताला कळेल, असा त्याचा हिशेब. तेल प्यायलेला आणि चोवीस तास वाफवलेला कागद सुईला काय अडवणार, हे त्याच्या लक्षात यायला बेचाळीस पाव लागले. तरी तो थांबला नाही. त्रेचाळिसाव्यात सुई घातली आणि दारातून आवाज आला.

"मास्तर, हे काय?"

रेटमायर होते. समारंभाचा पाव निवडायला आले होते.

"भोकं," क्लेमेन्स म्हणाला.

"ती दिसतायत. कशाला?"

"आतला... दमटपणा जायला."

"असं आधी कधी बघितलं नाही."

"फार जुनी पद्धत आहे," क्लेमेन्स म्हणाला आणि त्याचे कान पेटले. "सणासुदीलाच करतो."

रेटमायर भारावून गेले. घराण्याचं गुपित आपल्याला दिसलं याचा त्यांना एवढा आनंद झाला, की ते चष्मा पुसू लागले. मग फळीच्या दुसऱ्या टोकाचा, सुई न लागलेला एक देखणा पाव उचलून म्हणाले, "हा हुल्समानबाईंसाठी. भोकं नसलेला बरा, फोटोत चांगला दिसेल. दुकानात विषाच्या कपाटात कुलूप लावून ठेवतो. एव्हरलोवाल्यांचा नेम नाही!"

"तो नको!" क्लेमेन्स ओरडला.

"का?"

क्लेमेन्स कारण जुळवेपर्यंत रेटमायर पाव काखोटीला मारून निघून गेले.

उरलेल्या वीसांत क्लेमेन्सनं प्रत्येकी दहा दहा भोकं पाडली. कागद लागला नाही. संध्याकाळी मेख्टिल्डच्या बहिणीचा एव्हरलोहून फोन आला. ग्रोटह्यूसही आपल्या बेकरीत उद्याचे सगळे पाव सुईनं टोचत बसलाय म्हणे. औषधाच्या दुकानात कुणाकडून तरी त्याला होल्टेनबेकची जुनी पद्धत कळली होती आणि आमची त्याहून जुनी असं तो सांगत सुटला होता.

रविवारी चौक भरून गेला. नेमबाज मंडळ हिरव्या गणवेशात, बँडवाले घामात, बायका ठेवणीतल्या कपड्यांत. आलोइस काळा कोट घालून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात काठीवर. त्यांच्या मागे दहा पावलांवर, हाताची घडी घालून, थेओडोर ग्रोटह्यूस उभा होता. त्याला बोलावलेलं नव्हतं, पण हरकत घ्यायला माणूस आमंत्रणाची वाट पाहत नाही. क्लेमेन्स आणि तो भट्टीचं काम एकाच उस्तादाकडे शिकलेले. तेव्हापासून ते एकमेकांशी फक्त घोड्याबद्दल बोलत.

रेटमायरांचं भाषण झालं. विद्यापीठाचा दाखला टपालात अडकला असला तरी सत्याला दाखल्याची गरज नसते, असं ते म्हणाले. क्लेमेन्सनं चौकातल्या फरशा मोजायला घेतल्या. मग हुल्समानबाईंनी सुरी घेतली आणि पाव मधोमध कापला.

सुरी तळाशी जाऊन अडकली. बाईंनी जोर केला. पावाचे दोन तुकडे झाले आणि बुडाशी तपकिरी, तेलकट कागदाची घडी डोकावू लागली.

बाईंनी दोन बोटांनी घडी ओढून काढली. "अगंबाई! आत लिहिलंय काहीतरी!"

"कृती!" रेटमायर हर्षानं किंचाळले. "मास्तरांनी घराण्याची कृती गावाला भेट दिली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "वाचा! वाचा!" सगळा चौक ओरडू लागला. बाईंनी हसत हसत कागद क्लेमेन्सच्या हातात दिला. अक्षरं पसरली होती, तरी वाचता येत होती. 'पुम्पर्न' तर पहिल्यापेक्षाही ठळक दिसत होतं.

देवानं एवढी सोपी सुटका क्वचितच कुणाला दिली असेल. क्लेमेन्सनं घसा खाकरला. "कृती अशी. राय, भरडलेली, वीस किलो. पाणी, गरम..."

"क्लेमेन्स."

आलोइस काठीवर भार देऊन उभे राहिले होते. आवाज मोठा नव्हता, पण चौकाला ऐकू गेला.

"आपल्या घरात कृती कधी कागदावर उतरली नाही. माझ्या बापानं माझा हात धरून पिठात घातला, मी तुझा घातला. सहा पिढ्या. लिहून ठेवावी लागते ती ज्यांना येत नाही त्यांना. आणि तू आज गावासमोर म्हणतोस, आपली कृती या चिठोऱ्यावर होती?"

क्लेमेन्सनं बाबांकडे पाहिलं. पाटीसाठी खोटं बोलावं तर पावाची बेअब्रू होत होती, आणि तीही बाबांच्या तोंडावर. पाटी गेली तर गेली. हा पाव कागद बघून करतात असं म्हणवून घ्यायला तो तयार नव्हता. त्या क्षणी त्याला आपल्या हातांचा एवढा अभिमान वाटला, की भीती कुठल्या कुठे गेली.

"कृती नाही ही," तो म्हणाला. "विद्यापीठाचं पत्र आहे. घोडा आपला नाही. घोडा कुणाचाच नाही."

आणि त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत पत्र वाचलं. पादणे आलं तेव्हा तो थांबला नाही. निकोलाउस आला तेव्हाही नाही. पोटावरच्या परिणामापाशी बँडमधला ट्यूबा फुंकणारा खुर्चीवरून घसरला. हार्दिक शुभेच्छा वाचून क्लेमेन्सनं कागदाची घडी केली आणि बाबांसमोर मान खाली घातली.

आलोइसचे खांदे हलत होते. क्लेमेन्स घाबरून पुढे धावला. पाहतो तर म्हातारा हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"गाढवा, यासाठी दोन दिवस जेवला नाहीस?" ते म्हणाले. "माझा आजा या पावाला पादराच म्हणायचा. घोडा मी आणला. पहिल्यांदा पिशव्या छापायच्या होत्या तेव्हा छापखान्यात एकच ठसा पडून होता, कुठल्याशा घोड्याच्या व्यापाऱ्याचा. छापखानेवाला फुकट देतो म्हणाला. घोडा छापला, मग लोक विचारायला लागले, घोडा का? काहीतरी सांगायला नको?"

"मग पाटीसाठी कोट कशाला घासत होतात?"

"पाटी पावाची आहे. घोड्याची कुठंय?" आलोइस चौकाकडे वळले. काठी टेकवून ताठ उभे राहिले. "ऐका रे. बाहेरच्यांनी आपल्या पावाला शिवी दिली. आपल्या लोकांनी पाव बदलला नाही. शिवी घेतली आणि दुकानावर लिहून टाकली. आज तेच बाहेरचे रांग लावून ती शिवी मागतात, वर आभार मानतात. आहे का दुसऱ्या कुणाच्या पावाची ही हिंमत?"

चौकातून जो आवाज उठला तसा होल्टेनबेकनं सातशे वर्षांत काढला नसेल. लोक टोप्या उडवत होते. मेख्टिल्ड डोळे पुसत होती आणि ते हसण्यानं की कशानं, हे तिलाही सांगता आलं नसतं. हुल्समानबाईंनी पाटीच्या दोरीला हात घातला.

"थांबा!" गर्दी सारत ग्रोटह्यूस पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "वारसा मंडळ, माझी हरकत लिहून घ्या. हा निकोलाउस होल्टेनबेकचा कशावरून? आमच्या एव्हरलोच्या चर्चच्या जुन्या नोंदीत अकरा निकोलाउस आहेत! तो आमचा माणूस!"

"तुमचा?" क्लेमेन्सनं बाह्या सरसावल्या. "काय संबंध! तो इथलाच. याच दारात!"

"पुरावा दाखव!"

क्लेमेन्सनं समारंभाची सुरी उचलली, पावाचा दोन बोटं जाड काप काढला, त्यावर सढळ हातानं लोणी फासलं आणि ग्रोटह्यूसच्या हातात ठेवला.

"खा," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत मिळेल."